भाड्याची सामायिक घरे आणि त्यांचा परवाना



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून तो पुष्कळांना रुक्ष वाटला असेल. कायदा, तोही घरभाड्याचा, आणि तोही इंग्लंडातला! अशा उकाड्यात हे ऐकायला एवढी मंडळी यावी याचे मला थोडे नवलच वाटते. परंतु येथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुले, पुतण्या, भाचे आज लेस्टर, कॉव्हेंट्री, मँचेस्टर, ग्लासगो अशा गावी शिकत असतील किंवा जाण्याच्या तयारीत असतील. तेथे त्यांचा मुक्काम बहुधा चारपाच जणांनी मिळून घेतलेल्या घरात पडतो. स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक, आणि प्रत्येकाला एकेक खोली. अशा घराला तिकडच्या कायद्यात ‘हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन’ असे लांबलचक नाव आहे. व्यवहारात लोक ‘एचएमओ’ म्हणतात. मी त्याला सामायिक घर म्हणेन.

कायद्याने ज्याची व्याख्या केली ती वस्तू नीट पाहिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. एकाच कुटुंबाची माणसे नसलेली तीन किंवा अधिक माणसे एका घरात राहू लागली आणि स्वयंपाकघर वा शौचकूप त्यांच्यात समाईक असले, की ते सामायिक घर झाले. आता कुटुंब म्हणजे काय? इंग्रज माणसाचे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुले, अशी आपली समजूत. पण २००४ च्या तेथील गृहनिर्माण कायद्याने ही व्याख्या चांगली ऐसपैस ठेवली आहे. आजोबा, नातू, काका, मामा, आत्या, मावशी, भाचा, पुतण्या, इतकेच नव्हे तर चुलत, मामे, आते, मावसभावंडे, सारी त्यात बसतात. म्हणजे सख्खे-चुलत धरून दहा जण एका घरात राहिले तर ते कायद्याच्या दृष्टीने एकच कुटुंब! मात्र एका गावचे तिघे मित्र एकत्र राहिले तर ती तीन कुटुंबे. आपल्या लालबाग-परळच्या गाळ्यात कोकणातल्या एकेका गावची माणसे गिरणीच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत असत. त्यांच्यातले ‘गाववाला’ हे नाते इंग्लंडच्या कायद्याला काही उमगणार नाही.

या घरांचा प्रश्न आजचा नाही. १८४८-४९ ची पटकीची साथ लंडनने सोसली, आणि ज्या रात्रमुक्कामाच्या खाणावळीवजा घरांत एकेका खोलीत वीसतीस माणसे, अनोळखी पुरुष-बायका, एकमेकांना चिकटून निजत, त्यांच्याकडे सरकारचे लक्ष गेले. लॉर्ड ॲशले, जे पुढे शाफ्ट्सबरीचे अर्ल म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांच्या पुढाकाराने १८५१ साली अशा घरांची नोंदणी व तपासणी करणारा कायदा झाला. पुढे १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात तर, अशा घराच्या भिंतींना आणि छताला दरवर्षी एप्रिल व ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चुना लावलाच पाहिजे, असे कलम आहे. कायद्यात चुन्याच्या सफेदीचा आठवडादेखील ठरवून द्यावा हे वाचून हसू येते. परंतु ज्याने ते कलम लिहिले त्याला घरमालक नावाच्या प्राण्याची चांगली पारख होती. ‘वेळोवेळी रंगसफेदी करावी’ असे लिहिले असते तर ती वेळ कधीच उगवली नसती.

या जुन्या कायद्यातली एक गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, आणि आजचे व्याख्यान मुख्यतः तिच्याविषयीच आहे. ती अशी की तपासनीस कोणाच्या तक्रारीची वाट पाहत नाही. घर नोंदलेले आहे, तेव्हा तो जाणार आणि पाहणार. सामान्यतः कायद्याची रीत याच्या उलट असते. ज्याचे नुकसान झाले त्याने फिर्याद करावी, मग न्याय. पण ज्याच्या छपराखाली रात्री झोपायचे त्याच्याच विरुद्ध फिर्याद कोण करील? १९८८ च्या कायद्यान्वये इंग्लंडात घरमालकाला दोन महिन्यांची नोटीस देऊन, काहीही कारण न सांगता, भाडेकरूला घर सोडायला लावता येऊ लागले. खिडकीला गळती आहे म्हणून नगरपालिकेला पत्र लिहावे, आणि पंधरा दिवसांत नोटीस हातात पडावी. मग माणूस बादली खाली ठेवून गप्प बसतो. २०२५ साली संमत झालेल्या भाडेकरू-हक्क कायद्यात ही कारणाविना नोटीस रद्द करण्याची तरतूद आहे. पण मधली सदतीस वर्षे ज्यांनी बादल्या ठेवल्या त्यांचे काय?

मालक वाईट आणि भाडेकरू गरीब बिचारा, असा सरधोपट हिशोब मात्र मला मांडायचा नाही. लंडनच्या नॉटिंग हिल भागात पन्नासाच्या दशकात पीटर रॅकमन नावाचा एक घरमालक होऊन गेला. १९५७ च्या कायद्याने भाडेनियंत्रण सैल झाले तसे जुन्या भाडेकरूंना या ना त्या मार्गाने घालवायचे आणि त्याच खोल्या चढ्या भाड्याने द्यायच्या, हा त्याचा धंदा. १९६२ साली तो वारला. पुढल्या वर्षी त्याचे नाव वर्तमानपत्रांत इतके गाजले की ‘रॅकमनिझम’ हा शब्दच इंग्रजी कोशात जाऊन बसला. चौकशीसाठी समिती बसली, तिचा अहवाल १९६५ साली आला, आणि त्याच वर्षी भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा झाला. हे सर्व खरे. पण त्याच काळात वेस्ट इंडीजमधून आलेल्या माणसांना खोली द्यायला लंडनातली पुष्कळ ‘सभ्य’ घरे तयार नव्हती. काळ्यांना जागा नाही अशा पाट्या उघड लागत. रॅकमन त्यांना जागा देई. दुप्पट भाडे घेई, कोंबून ठेवी, पण देई. म्हणून नुसते वाईट घर बंद केले की काम झाले असे समजणाऱ्या सुधारकाला मी एवढेच विचारीन, की त्या घरातली माणसे आज रात्री कोठे निजणार?

आता आगीकडे येतो, कारण परवान्याचा आजचा कायदा एका अर्थी आगीतून जन्मला. १९८१ च्या डिसेंबरात याच नॉटिंग हिलजवळ क्लॅनरिकार्ड गार्डन्स येथे खोल्याखोल्यांनी भाड्याने दिलेल्या इमारतीला आग लागून आठ माणसे दगावली. १९९९ साली ग्लासगोला तळघरातील एका घरात दोन विद्यार्थी जळून मेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडता आले नाही. सामायिक घरात आगीचे भय अधिक का, याचा विचार केला तर कारणे अगदी साधी आहेत. कुटुंबाच्या घरात कोण आत आहे, कोण बाहेर, हे आईला ठाऊक असते. येथे प्रत्येक दाराला कुलूप, प्रत्येक खोलीत वेगळी शेगडी, जिन्यात कोणाची तरी सायकल, आणि शेजारच्या खोलीतल्याचे पूर्ण नावही माहीत नाही. जिना हा सर्वांचा, म्हणून कोणाचाच नाही.

ग्लासगोच्या घटनेनंतर स्कॉटलंडने २००० सालापासून परवाना सक्तीचा केला, आणि मर्यादा टप्प्याटप्प्याने तीन माणसांपर्यंत खाली आणली. इंग्लंडने २००४ साली कायदा केला, एप्रिल २००६ पासून अंमल सुरू केला, आणि मर्यादा ठेवली पाच माणसांची. शिवाय घर किमान तीन मजली असले पाहिजे अशी मेख. दोन मजली घरात सहा जण राहत असले तरी सक्तीचा परवाना नको! ही मजल्यांची अट १ ऑक्टोबर २०१८ रोजी गेली. पाचांची राहिली. चारच भाडेकरू ठेवले की सक्तीच्या परवान्यातून सुटका, हे मालकांना शिकवावे लागत नाही. अशा लहान घरांनाही परवाना लावण्याचा अधिकार नगरपालिकांना आहे, पण तो त्यांनी ठरवला तर.

परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा. तो देण्यापूर्वी नगरपालिकेने पाहायचे ते हे, की मालक किंवा व्यवस्थापक सचोटीचा व लायक आहे का, आणि इतक्या माणसांना ते घर पुरते का. गॅसच्या उपकरणांचा दाखला दरसाल, धुराची सूचना देणारी यंत्रे चालू स्थितीत, राहण्याच्या अटी लेखी, जिना मोकळा, व्यवस्थापकाचे नाव-पत्ता-दूरध्वनी दर्शनी भागी लावलेला. २०१८ पासून खोलीचे मापही ठरले. दहा वर्षांवरील एका माणसाला झोपायला किमान ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२, दहा वर्षांखालील मुलाला ४.६४, आणि छताची उंची दीड मीटरहून कमी असेल तेवढी जागा मोजायची नाही. हे विचित्र अपूर्णांक आले कोठून? चौरस फुटांत ते ७०, ११० आणि ५० होतात, आणि गर्दीचे हे आकडे १९३५ च्या कायद्यापासून चालत आलेले आहेत. आपल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तीत आठआठ माणसांची कुटुंबे वाढली. त्या मापाने आपण तिघेदेखील बसत नाही.

विनापरवाना घर चालवले तर दंडाला मर्यादा नाही. २०१७ पासून खटल्याऐवजी नगरपालिकेने स्वतःच तीस हजार पौंडांपर्यंत दंड करावा अशीही सोय झाली. पण मला याहून भावते ती दुसरी तरतूद. अशा घरातला भाडेकरू न्यायाधिकरणाकडे जाऊन दिलेले भाडे परत मागू शकतो. मूळ मर्यादा बारा महिन्यांच्या भाड्याची; २०२५ च्या कायद्यात ती दोन वर्षांवर नेली आहे. यात एक फट राहिली होती. मालकाने घर एका मधल्या कंपनीला द्यायचे, तिने खोल्या विकायच्या. दंडाची वेळ आली की कंपनीच्या तिजोरीत खडखडाट. परतफेड मागता येते ती केवळ निकटच्या भाडे घेणाराकडून, मूळ मालकाकडून नव्हे, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. नव्या कायद्याने ती फट बुजवली आहे.

कोणी विचारील, की या नियमांनी भाडे वाढत नाही का? वाढते. आगीचे दार, तारांची दुरुस्ती, परवान्याची फी, सर्व शेवटी भाड्यातच येते. आणि माप साडेसहा मीटर ठरले की सहा मीटरच्या खोलीतला माणूस बाहेर पडतो. तो साऱ्यांत गरीब असतो. कायद्याने अशा खोलीसाठी मालकाला अठरा महिन्यांपर्यंत मुदत देण्याची सोय केली. मुदत संपल्यावर त्या माणसाला दुसरी खोली शोधून देण्याचे बंधन मात्र मालकावर टाकलेले नाही, आणि हे मला त्या कायद्याचे सर्वांत मोठे व्यंग वाटते. तरीही परवाना नसावा असे मी म्हणणार नाही. सहा मीटरची खोली एक वेळ चालेल. गजांची खिडकी आणि अडलेला जिना चालणार नाही. या दोहोंना एकच शिक्षा नसावी.

आता आपल्याकडचे थोडेसे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यान्वये करार लेखी व नोंदलेला हवा. शहरांतून भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी लागते. म्हणजे आपण विचारतो, राहणारा कोण? घर कसे आहे, किती जणांना एक जिना आहे, हा प्रश्न त्या कागदावर नसतो. तामिळनाडूने २०१४ साली स्त्रियांच्या व मुलांच्या वसतिगृहांसाठी वेगळा कायदा केला, तेवढे त्यांचे अनुकरण करण्यासारखे आहे. इंग्रजही या बाबतीत सोवळे नाहीत. २०१६ पासून इंग्लंडात घरमालकाने भाडेकरूचे राहण्याच्या हक्काचे कागद तपासायचे आहेत. ज्याचे कागद कच्चे, तो घराच्या कच्चेपणाविषयी तोंड कसे उघडणार?

ज्यांची मुले तिकडे निघाली आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगून थांबतो. विद्यापीठाने स्वतः चालवलेली वसतिगृहे सामान्यतः या परवान्यातून वगळलेली आहेत. त्यांना वेगळी नियमावली आहे. मालक स्वतः घरात राहून दोनच जण ठेवीत असेल तरी परवाना लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली लंडनला १०, किंग हेन्रीज रोडवर खोली घेऊन राहिले होते. महाराष्ट्र शासनाने ती वास्तू २०१५ साली विकत घेतली. आजही कोणी एखाद्या घरमालकिणीकडे असा एकटादुकटा उतरला तर हे नियम त्याला लागू नाहीत. बाकी पाच जणांचे घर असेल तर परवान्याची वही प्रत्येक नगरपालिकेला ठेवावीच लागते आणि ती कोणालाही पाहता येते. अनामत देण्यापूर्वी घराचा पत्ता त्या वहीत शोधावा, किती माणसांचा परवाना आहे ते पाहावे, आणि अनामत कोणत्या मान्यताप्राप्त योजनेत ठेवली याचा कागद मागून घ्यावा. २००७ पासून तो देणे मालकावर बंधनकारक आहे. आणि खोली पाहायला गेल्यावर आधी गादी न पाहता खिडकी उघडून पाहावी.