स्वयंपूर्ण खेडे : जुने ग्रंथ आणि आपण
(सुवर्णमहोत्सवानिमित्त हेब्बाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कारखान्यांच्या आणि संगणक-कंपन्यांच्या या हेब्बाळमध्ये खेड्याच्या स्वयंपूर्णतेविषयी बोलणे काहींना विसंगत वाटेल. धान्य, तेल, दूध यांपैकी आपण येथे काहीच पिकवीत नाही. तथापि आपल्यापैकी अनेकांच्या घराण्याचा सातबारा अद्याप गावाकडे आहे, आणि तेथील माळ्यावरची जुनी पुस्तके रद्दीत घालावीत की काय, हा प्रश्न दर सुटीत कोणाला ना कोणाला पडतो. ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत, एवढीच आमची विनंती आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ 1915 साली प्रसिद्ध झाला. आत्रे महसूल खात्यातले. गावे त्यांनी जवळून पाहिलेली. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांनी वर्षभर सेवा करावी आणि कुणब्याने खळ्यावर त्यांचे बलुते घालावे, ही सारी रचना त्यांनी बारकाईने मांडली. पण या ग्रंथाला गावाची आरती समजणे चूक ठरेल. वतन वंशपरंपरेने चालत असल्यामुळे चांगल्या कामाला आणि वाईट कामाला मोबदला सारखाच, आणि सर्वांचा भार अखेर कुणब्याच्या पाठीवर, हे आत्रे निर्भीडपणे सांगतात.

याच रचनेत महारवतनाच्या नावाखाली गावाची वेठ वाहणारेही होते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवावर कठोर टीका केली, ती या अनुभवातून. कनिष्ठ वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा होण्यास 1958 साल उजाडावे लागले. तेव्हा जुने खेडे जसेच्या तसे परत यावे, असे कोणीही म्हणू नये.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ 1955 ची. तिच्या 41 अध्यायांत ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती असे विषय ओवीबद्ध झाले आहेत. आत्र्यांनी गावाचे दुखणे सांगितले. महाराजांनी ते बरे करण्याची जबाबदारी गावकऱ्यांवरच टाकली.

या दोहोंशेजारी जे. सी. कुमारप्पा यांचे लेखन ठेवावे. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. तेलघाणी, हातकागद, घासलेटाऐवजी वनस्पती-तेलावर जळणारा ‘मगनदीप’ असे प्रयोग तेथे झाले. कोळसा व खनिज तेल हा साठा आहे, तो उपसला की संपतो. शेती आणि वन हा प्रवाह आहे, तो सांभाळला तर वाहत राहतो, हा कुमारप्पांचा मूलभूत भेद. हवामान बिघडल्याची चिंता साऱ्या जगाला लागलेली असताना तो कोणाला जुनाट वाटेल?

योगायोग असा की, त्याच 1934 साली सर विश्वेश्वरय्यांचा नियोजित अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हैसूरचे हे दिवाण पुण्यात शिकले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे त्यांनीच बसविले. त्यांचा भर यंत्रोद्योगांवर होता. आपले हेब्बाळ त्याच विचाराचे अपत्य, आणि आपली चूल त्यावरच पेटते. म्हणून दुसऱ्या बाजूचे ऐकणे आपल्याला अधिक अगत्याचे आहे. याच जिल्ह्यात नंजनगूड तालुक्यातील बदनवाळू येथे गांधीजी 1927 साली खादीच्या कामासाठी येऊन गेले. 2015 साली रंगकर्मी प्रसन्न यांनी त्याच गावी ग्रामोद्योगांसाठी सत्याग्रह केला.

मग आजच्या काळात स्वयंपूर्णतेचा अर्थ काय? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने त्याचे एक उत्तर दिले आहे. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. बांधबंदिस्ती झाली, झाडे लागली. आणि पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडावा, मग पिके ठरवावीत, अशी रीत पडली. ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना आणि शेतीसाठीच्या विंधनविहिरींना गावाने नकार दिला. हे गाव जगापासून तुटलेले नाही. त्याचे दूध बाहेर विकले जाते. सर्व काही गावातच पिकावे असा त्याचा आग्रह नाही, पण आपल्या पाण्याचा आणि मातीचा निर्णय त्याने दुसऱ्याच्या हाती दिलेला नाही. आमच्या मते आज स्वयंपूर्णता ती हीच.

खेडे सोडून आलेल्यांनी खेड्याचे गोडवे गावेत, हे फार सोपे आहे. तेथे मागे राहिलेल्यांना काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या हातचे मात्र पुष्कळ आहे. जमीन कसणाऱ्या भावाला केवळ वाट्याचे धान्य न मागता यंदा विहिरीला पाणी किती आहे हे विचारावे. जमीन विकण्याची वेळ आलीच, तर घेणारा तिचे काय करणार याचीही चौकशी करावी. आणि माळ्यावरची पुस्तके मंडळाच्या कपाटात आणून ठेवावीत. येथे वाढणाऱ्या मुलांना मराठी वाचणे जड जात असेल, तर आपण ती मोठ्याने वाचून दाखवावीत. बलुते म्हणजे काय, असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला त्यातली व्यवस्थाही सांगावी आणि अन्यायही सांगावा.