ऐनावरचा कोश



रेशीम हा शब्द मोहन्याला परका नाही. येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. तोवर लाकडाच्या लगद्याचा दाट रस बारीक छिद्रांतून आम्लात सोडून तेथे सूत निघे, आणि लोक त्याला कृत्रिम रेशीम म्हणत. द्रव छिद्रातून ओढून धागा करण्याची हीच विद्या रानातल्या एका अळीला उपजतच येते. ती टसर पतंगाची अळी. तिचा धागा मात्र प्रथिनाचा.

तिचे आवडते झाड ऐन. मुरबाड-शहापूरकडच्या रानांत मगरीच्या पाठीसारख्या सालीवरून तो ओळखू येतो. पहिला पाऊस झाला की कोशातून पतंग निघतो. पंख पसरले तर जवळजवळ वीतभर, आणि प्रत्येक पंखावर काचेसारखा पारदर्शक डोळा! एवढ्या थाटाच्या प्राण्याला खाता मात्र येत नाही, तोंडच निकामी. अळीपणी साठविलेल्या पुंजीवर आठवडाभर जगावे, मादीने दीड-दोनशे अंडी घालावीत, की संपले. आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात. हिरवी अळी महिनाभर पाने खाते, चारदा कात टाकते, आणि मग कोश विणते.

खरे कौतुक या कोशाचे. ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. कोश पानाला चिकटला असता तर पानाबरोबर पडता. म्हणून अळी आधी डहाळीभोवती रेशमाचे कडे घालते, त्याला चिवट देठ जोडते आणि त्याला कोश टांगते. शेवटच्या पिढीचे कोश असे जूनपर्यंत लोंबत राहतात. आज आपण येथे बसलो आहोत, तेव्हाही ते झोपलेलेच आहेत.

याच दिवसांत राबासाठी ऐनाची टहाळे तोडून भातखाचरात भाजतात. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याला रोपे करायची असतात. पण टहाळाबरोबर कोशही जळतो. विदर्भात आरमोरीकडे ढिवर समाज हीच अळी ऐनावर राखतो, कारण तेथे कोशाला भाव आहे. आपल्याकडे भाव नाही, म्हणून नजरही नाही.

माहुलीला जाणारी मंडळी शोभेसाठी कोश तोडून आणतात. त्यांनी आधी टोक पाहावे. भोक असेल तर पतंग उडून गेला, कोश खुशाल न्यावा. भोक नसेल आणि कोश हाताला जड लागत असेल, तर डहाळीसकट तसाच राहू द्यावा.