बॉनेट आपणच उघडूया

(घोडेगाव, ता. नेवासे येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



मला इथं कायद्यावर बोलायला बोलावलं आहे. पण आज मी गाडीच्या इंजिनावर बोलणार आहे. हसू नका, कारण सांगते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, दुपारचे दोन वाजलेले. संस्थेची जुनी जीप मी चालवत होते. शेजारी एक बाई, मांडीवर दोन वर्षांचं पोर. सासरहून अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली. तिला नगरला सुरक्षित ठिकाणी पोचवायचं होतं. गाडीतला तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकत होता. मला तो दिसत होता, पण त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मी तशीच चार-पाच किलोमीटर गेले. घोडेगावच्या अलीकडे बॉनेटमधून वाफेचा लोट आला आणि गाडी बंद पडली.

दहा-बारा पुरुष जमले. पहिला प्रश्न, ‘ड्रायव्हर कुठंय?’ ती बाई पदरात तोंड लपवून बसली, कारण याच रस्त्यानं तिच्या सासरची माणसं ये-जा करत. एका भल्या माणसानं मदत म्हणून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी त्याच्या हातावर उडालं. मी त्याला थांबवू शकले नाही, कारण मलाही माहीत नव्हतं. आम्हाला नगर गाठायला रात्र झाली. ते पाच तास ती बाई किती भेदरली होती, ते मी विसरणार नाही.

पुढे कळलं, मूळ बिघाड एवढाच होता की पाण्याच्या रबरी पाइपाची क्लिप सैल झाली होती. तापलेली गाडी मी दामटली म्हणून हेड गॅस्केट गेलं आणि खर्च हजारांत गेला. समाजकार्याची पदवी घेताना मी पुष्कळ शिकले. तो काटा वाचायला मात्र मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ‘ते पुरुषांचं काम’ हे माझ्याही डोक्यात बसलं होतं.

खरं तर यातलं निम्मं आपण स्वयंपाकघरात रोज करतो. इंजिनातली उष्णता कूलंट शोषून घेतं, रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्यानं निवतं आणि परत येतं. हे सगळं बंद आणि दाबाखाली असतं, कुकरसारखं. दाबामुळे ते शंभर अंशांवरही उकळत नाही, पण झाकण उघडताच उसळतं. वाफ जिरल्याशिवाय आपण कुकर उघडतो का? इथंही तेच.

काटा चढू लागला तर आधी एसी बंद करा. हीटर असेल तर तो पूर्ण सोडा. आत उकडेल, पण इंजिनाची उष्णता थोडी बाहेर पडेल. सुरक्षित जागा दिसताच थांबा, इंजिन बंद करा. निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. नंतरही जाड फडकं धरून हळूच फिरवा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो.

मग कारण शोधायचं. बाजूच्या पारदर्शक डब्यावर खाली-वर दोन खुणा असतात, इंजिन गार असताना पातळी त्यांच्या मध्ये हवी. ती सारखी उतरत असेल तर कुठंतरी गळती आहे. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाका. हिरवा किंवा गुलाबी डाग कूलंटचा, काळा-तपकिरी डाग तेलाचा. एसीचं स्वच्छ पाणी पडलं तर काळजी नको. गाडी उभी असताना तापते आणि पळताना निवते, तर पंखा पाहा. विजेचा असेल तर आधी फ्यूज तपासा. चढावर किंवा लांब पल्ल्यात तापते, तर रेडिएटर तुंबल्याचा संशय घ्या. आपल्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर बसतो ना, तसाच आतही बसतो. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. धुराड्यातून दाट पांढरा धूर सारखा येतो आणि तेल दुधाळ झालं आहे, तर गाडी हलवू नका, ओढून न्या.

एक इशारा. कूलंट गोडसर असतं आणि विषारीही. जनावरं ते चाटतात. या जनावरांच्या बाजाराच्या गावात ते उघड्यावर सांडू नका, पोरांच्या हाती लागू देऊ नका.

आणखी दोन गोष्टी. चावी फिरवल्यावर नुसती टकटक होते आणि दिवे मंद होतात, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोकं सैल झाली आहेत, पांढरी बुरशी धरली आहे. ब्रेकचं पायडल मऊ लागलं तर मात्र प्रयोग नको, गाडी उभी करा.

1888 साली जर्मनीत बर्था बेंझ ही बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्यानंच बनवलेली मोटार घेऊन माहेरी निघाली. शंभरावर किलोमीटरचा रस्ता. इंजिन गार ठेवायला वाटेत ठिकठिकाणी पाणी भरलं, इंधनाची तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केला आणि दुरुस्तीही तिनंच केली. आपल्याकडे शीला डावरे 1988 मध्ये पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. तरी आजही बाई बॉनेट उघडते तेव्हा लोक थांबून बघतात.

इथून पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापूर आहे. तिथल्या चौथऱ्यावर चढायला बायांना 2016 च्या एप्रिलपर्यंत झगडावं लागलं. बॉनेट उघडायला कोर्टात जावं लागत नाही. तिथं आपली भीतीच आडवी येते.

सगळ्यांनी मेकॅनिक व्हावं असं मी म्हणत नाही. पण काय बिघडलंय हे सांगता आलं, तर कुणी नको तो पार्ट गळ्यात मारत नाही. आणि रात्री-अपरात्री एखादीला घेऊन निघायची वेळ आली, तर तिला रस्त्यात उघड्यावर बसावं लागत नाही.

भाषण पुरे. बाहेर आमची जीप उभी आहे, सकाळपासून इंजिन गार आहे. चला, एकेकीनं पुढे येऊन ते झाकण आपल्या हातानं उघडायचं आहे.