पुरातन, जुने आणि जुन्यासारखे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी कामगार ह्यांपैकी काही निघेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘जुन्या वस्तू’ म्हटल्यावर ते जरा थबकले. आमचे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि फुकट वाचनालयांत. तेव्हा आम्ही बोलणार आहोत ते पंडिताच्या अधिकाराने नव्हे, चूक केलेल्या माणसाच्या अधिकाराने.

चूक अशी की, काही वर्षांपूर्वी कचेरीला रंग द्यायचा म्हणून आम्ही खोली रिकामी केली. भिंतीवर लंबकाचे घड्याळ होते. काळसर लाकूड, रोमन आकडे, तबकडीवर ‘अ‍ॅन्सोनिया’ हे नाव. ते आम्ही चादरीत गुंडाळून तान्ह्या मुलासारखे जपले. कपाटातल्या कसर लागलेल्या वह्या, हस्तपत्रके आणि सभांची इतिवृत्ते मात्र रद्दीवाल्याला किलोवर घातली. पुढे घड्याळजीने ते घड्याळ उघडले, तो आत प्लॅस्टिकची काळी डबी आणि एक पेन्सिल सेल! लंबक केवळ शोभेला हलत होता. अ‍ॅन्सोनिया ही अमेरिकेतील ब्रुकलिनची कंपनी. ती डबघाईला आल्यावर १९२९ साली तिची यंत्रसामग्री सोव्हिएत सरकारने विकत घेतली. आम्हां लाल बावट्याखाली वाढलेल्यांना हे वाचून मौज वाटली; पण त्याचा अर्थ इतकाच, की ब्रुकलिनच्या त्या कारखान्यातले घड्याळ त्याच्या आधीचेच असणार आणि त्याला चावी द्यावी लागणार.

आमचे घड्याळ ‘रेट्रो’ होते. लॅटिनमध्ये ह्या शब्दाचा अर्थ ‘मागे’. वस्तू नवी, रूप जुन्यासारखे. लाकडी पेटीचा रेडिओ घ्यावा आणि आत ब्लूटूथ असावे, तसा हा प्रकार. विकणारा खरे सांगत असेल तोवर ह्यात लबाडी काही नाही. ‘व्हिंटेज’ हा शब्द आला द्राक्षांच्या मळ्यातून. अमुक साली तोडलेल्या द्राक्षांची दारू, असा त्याचा मूळ रोख. म्हणून व्हिंटेज म्हणजे खरोखर आपल्या काळात घडलेली वस्तू. ती किती जुनी असावी ह्यावर व्यापाऱ्यांचे एकमत नाही; कोणी वीस वर्षे म्हणतात, कोणी चाळीस. मोटारींपुरता मात्र आपल्या सरकारने २०२१ साली नियम केला: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राहिलेली गाडी ती व्हिंटेज. कचेरीतला आमचा गोदरेजचा टाइपरायटर ह्याच वर्गातला. ते टाइपरायटर १९५५ पासून निघू लागले, तेव्हा त्यांतला एकही २०५५ पूर्वी ‘अँटिक’ होणे नाही.

कारण अँटिकला शंभर वर्षे लागतात. आपल्याकडे हे नुसते बाजारातले मत नव्हे, कायदा आहे. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा १९७६ पासून अमलात आला. त्यान्वये शंभर वर्षांची वस्तू ती पुरावस्तू. तिचा धंदा करायचा तर परवाना हवा, आणि खाजगी माणसाला ती परदेशी धाडता येत नाही.

पण वय ओळखावे कसे? वस्तूशी बोलावे, ती बहुधा स्वतःच सांगते. वजनावर ‘किलो’ लिहिले असेल, तर ते आपल्या बाजारात मेट्रिक मापे येण्यापूर्वीचे नाही, आणि तो कायदाच मुळी १९५६ चा. डब्यावर ‘नये पैसे’ अशी किंमत असेल, तर तो १ एप्रिल १९५७ च्या अलीकडचा. पत्त्यात सहा आकडी पिन असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रचारात आला. तो ‘दीडशे वर्षांच्या’ पेटीत दिसला तर शंका घ्यावी. मात्र बिजागरी मागाहून बदललेली असू शकते, म्हणून एका स्क्रूवर फाशी देऊ नये. मुंबईच्या चोरबाजारात भोंग्याचे ग्रामोफोन मिळतात, त्यांत पुष्कळदा भोंगा नवा, पेटी नवी आणि यंत्र कुठल्याशा मोडक्या पोर्टेबलमधले असते. असल्या जोडकामाला कोणत्या वर्गात घालावे हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

गिरण्यांचेच पाहा. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. १९८२ च्या संपानंतर कित्येक गिरण्या बंद पडल्या, माग भंगारात गेले. आज त्याच जमिनींवरच्या दुकानांत धोटे आणि बॉबिनी दिव्याखाली मांडलेल्या दिसतात, शेजारी ‘अँटिक’ अशी चिठ्ठी. आमच्या वडिलांनी जो धोटा हाताळला तो अँटिक कसला? तो व्हिंटेज. आम्ही दुकानातल्या मुलाला हे सांगितले. तो नम्रपणे म्हणाला, “काका, अँटिक म्हटलं की गिऱ्हाईक भाव करत नाही.” पगाराची घासाघीस आम्ही जन्मभर केली, पण हे शास्त्र आम्हांला ठाऊक नव्हते.

आता कागदांविषयी. त्याच कायद्यात ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना आणि दप्तरांना शंभर नव्हे, पंचाहत्तर वर्षे पुरतात. आम्ही रद्दीत घातलेल्या वह्यांत १९४७ सालची इतिवृत्ते होती. चार आण्यांच्या वर्गणीसमोर सह्या, कित्येक ठिकाणी निळ्या शाईचे अंगठे. रंगकामानंतर महिन्याभराने एक बाई कचेरीत आली. तिचे आजोबा त्या काळात आमच्या युनियनचे सभासद होते. घरात त्यांचा एकही फोटो नाही. निदान सही तरी पाहायला मिळेल का, असे ती विचारीत होती. आम्ही रद्दीवाल्याकडे धावलो. गठ्ठे केव्हाच कागदाच्या कारखान्यात गेले होते.

एक वही तेवढी वाचली. लंगड्या कपाटाच्या पायाखाली टेकण म्हणून ती दडपलेली होती, त्यामुळे आमच्या हातून सुटली. तिच्यात त्या बाईच्या आजोबांचे नाव नाही. आम्ही ती दोनदा पाहिली, मग बाईने स्वतः पाहिली. वही आज येथे दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांच्या घरातले कोणी त्या काळी गिरणीत होते, त्यांनी व्याख्यान संपल्यावर अवश्य पाहावी. हात धुऊन कोरडे करून यावे, आणि पाने उलटताना बोटाला थुंकी लावू नये, एवढीच विनंती.