हात धुणे, पाय धुणे



आज पूर्वरंगासाठी शास्त्रातले दोन प्रसंग घेतले आहेत. एक मार्काच्या शुभवर्तमानातला, सातवा अध्याय. दुसरा योहानाच्या शुभवर्तमानातला, तेरावा अध्याय. घरी गेल्यावर दोन्ही काढा आणि एकापाठोपाठ एक वाचा. दोन्हीकडे जेवण आहे, दोन्हीकडे पाणी आहे. मार्कात परूशी आपले हात धुतात. योहानात प्रभू शिष्यांचे पाय धुतो. यजमानांनी विषय दिला आहे ‘घरातली शांती’. तुम्ही म्हणाल, बुवा, शांतीचा आणि धुण्याभांड्याचा काय संबंध? आता इथे बसलेल्या बायकांनाच विचारा, घरातली निम्मी भांडणं मोरीतूनच उठतात की नाही! (हशा)

तर परूशी. त्यांच्याबरोबर यरुशलेमेहून शास्त्री आले होते. त्यांनी पाहिलं, येशूचे काही शिष्य हात न धुता भाकरी खातायत. हे आईनं पोराला ‘हात धुऊन ये रे’ म्हणावं तसलं धुणं नव्हे बरं का. बाजारात गेलो, तिथे कोणाकोणाचा स्पर्श झाला असेल, तो विटाळ काढायचा म्हणून धुवायचं. मार्क सांगतो, प्याले, घागरी, पितळेची भांडी, सगळं धुवायची रीत होती. हा भाग विलायतेतल्या वाचकाला समजवायला पंडितांना पानभर टीप लिहावी लागते. आपल्या पणजीला वाचून दाखवला असता तर ती एका शब्दात म्हणाली असती, सोवळं!

प्रभूनं त्यांना काय सांगितलं? बाहेरून पोटात जातं त्यानं माणूस विटाळत नाही, मनातून बाहेर येतं त्यानं विटाळतो. पुढे त्यानं यादीच दिली आहे. त्या यादीत खून, चोरी आहे, आणि हेवा, निंदा, गर्वसुद्धा आहे. खून-चोरी आपल्या घरात होत नाही, देवाची कृपा. पण हेवा, निंदा, गर्व ही मंडळी तर आपल्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसलेली असतात.

आता योहान. रात्रीचं जेवण चाललंय. प्रभूला ठाऊक आहे की ही शेवटची रात्र. तो उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि एकेकाचे पाय धुऊ लागतो. पेत्र मागे सरतो. पेत्राचं मला नवल वाटत नाही. सेवा करणं एक वेळ सोपं, करून घेणं फार अवघड. आपल्याकडे म्हातारी माणसं अंथरुणाला खिळली की त्यांना सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? दुखण्याचा नाही. सुनेनं आपलं अंग पुसावं, लेकानं आपलं भांडं उचलावं, याचा होतो. त्या खोलीत पेत्राला जे वाटलं तेच.

आणि लक्षात घ्या, यहूदा तिथेच होता. तो उठून बाहेर गेला तो नंतर. म्हणजे गंगाळ त्याच्यापुढेही आलं, त्याची टाचसुद्धा प्रभूनं हातात घेतली. उद्या हा मला धरून देणार हे माहीत असताना!

माझी शांती मी तुम्हांला देतो असं वचन प्रभूनं शिष्यांना दिलं, ते आपल्याला तोंडपाठ असतं. घरभरणी असो, मयत असो, पाळकसाहेब ते वाचतातच. ते वचन कुठे आहे? योहानाच्या चौदाव्या अध्यायात. म्हणजे तीच रात्र, तेच मेज. रुमाल अजून ओला असेल. आधी पाय धुतले, मग शांती दिली. आपण चौदावा अध्याय चौकटीत बसवून भिंतीवर लावतो आणि तेरावा वधस्तंभाच्या आठवड्यात वर्षातून एकदा वाचतो. मग म्हणतो, प्रार्थना करतो, दारावर क्रूस आहे, तरी घरात शांती का नाही!

(येथे पेटी-तबल्यावर भजन झाले.)

मंडळी, उत्तररंगाला आता कथा. ती आपल्या नाशिकचीच आहे. कथा लक्ष्मीबाई टिळकांची. त्यांचं नाव घेतलं की लोक ‘स्मृतिचित्रे’ म्हणतात, साहित्य म्हणतात. ते तर आहेच. पण आज मला त्यांची चूल पाहायची आहे.

गंगापूरच्या बाजूला गोदेकाठी जलालपूर गाव आहे. 1868 साली लक्ष्मीबाईंचा जन्म झाला, त्या तिथल्या गोखल्यांची लेक. माहेरचं नाव मनकर्णिका. वडिलांचं सोवळं असं की गावात त्याच्या गोष्टी व्हाव्यात. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. आपण हसतो. पण त्यामागचं कारण ऐकलं की हसू थांबतं. सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानं माणसाचं मन विस्कटलं आणि सगळं जगच त्याला विटाळलेलं वाटू लागलं. म्हणजे मुळात भीती होती. भ्यालेला माणूस धूत सुटतो आणि त्याच्या धुण्यात घरादाराचा जीव मेटाकुटीला येतो. त्या घरात पाण्याला तोटा नव्हता, शांती मात्र नव्हती.

अकराव्या वर्षी मुलीचं लग्न झालं, नारायण वामन टिळकांशी. नवरा कवी, वक्ता, बुद्धिमान, आणि रागाचा पारा कायम चढलेला. हातात पैसा टिकत नसे, एका गावी पाय ठरत नसे. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपल्या मंडळीच्या इतिहासात हा सोन्याचा दिवस मानतात. पण इथे थांबून मी एक गोष्ट बोलतो, कोणाला रुचो न रुचो. तोच दिवस लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातला काळा दिवस होता. पदरात लहान मुलगा, आणि नवरा जिवंत असून नाहीसा झालेला. टिळकांनी प्रभूला ओळखलं ते खरं, माझ्या मनात त्याविषयी शंका नाही. पण घरच्या माणसाला त्याचा जो घाव बसला, तो सत्याची किंमत म्हणून सहज खांद्यावरून झटकता येत नाही. आपल्या साक्षींमध्ये आपण ‘मी सर्व सोडलं’ असं सांगतो. ज्यांना सोडलं त्यांची साक्ष कोणी विचारत नाही. लक्ष्मीबाईंनी ती लिहून ठेवली, आणि तीही नवऱ्याविषयी कडवटपणा न ठेवता, हसत-हसवत. हे फार मोठं काम त्यांच्या हातून झालं.

मधली काही वर्षं त्या नातलगांत राहिल्या, पंढरपुरातही होत्या. मग त्या टिळकांकडे परत आल्या, अहमदनगरला. आल्या त्या मात्र अटीवर. मी ख्रिस्ती होणार नाही, माझं सोवळं मी पाळीन. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. नवरा ख्रिस्ती मंडळीत नावाजलेला माणूस, आणि त्याची बायको त्याचा विटाळ मानते! चूल वेगळी, पाणी वेगळं. त्याच्या जागी आपल्यापैकी कोणी असतं तर काय केलं असतं? ‘मंडळीत माझं तोंड काय राहील’ म्हणून रोज एक वचन फेकून मारलं असतं. टिळकांसारख्या तापट माणसानं ते केलं नाही. बायकोची वेगळी चूल त्यांनी मांडू दिली. माझ्या मते टिळकांच्या सगळ्या कवितांपेक्षा ही चूल मांडू देणं मोठं. पेत्र नको म्हणाला तेव्हा प्रभूनं त्याचा पाय ओढला नव्हता. आधी त्याच्याशी बोलला, आणि पेत्रानं आपण होऊन दोन्ही पाय पुढे केले. हातही आणि डोकंही धू म्हणाला, पेत्रच तो! (हशा)

लक्ष्मीबाईंचंही तसंच झालं. त्यांच्या मनात प्रश्न उठला तो साधा होता. जाती देवानं केल्या की माणसानं? विचार करता करता उत्तर त्यांना त्यांच्यापाशीच सापडलं. माणसानंच केल्या. आणि उत्तर सापडल्यावर त्यांनी ते वहीत ठेवलं नाही. कोणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. सोवळं गेलं ते स्वयंपाकघरातून गेलं, उपदेशानं नाही. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण मला वाटतं खरा बदल त्या पहिल्या घोटात झाला होता. जलालपूरच्या त्या घरातली लेक, जिथे बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे, ती आता परक्या हातचं पाणी पिते. तिच्या वडिलांना जी भीती आयुष्यभर छळत राहिली, ती लेकीच्या मनातून उतरली.

पुढे त्या घरात कधी शांतता होती असं समजू नका. भांडणं संपली नाहीत. टिळकांचा राग गेला नाही, खर्चाचा मेळ बसला नाही. पोरंबाळं, पाहुणे, निराधार मुलं, घर कायम भरलेलं. शांती म्हणजे आवाज नसणं असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचावी. घरात आवाजच आवाज, पण दार लावलेलं नाही. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. ही कल्पना त्यांना कुठून सुचली यावर विद्वान काय म्हणायचं ते म्हणोत. एका छपराखाली दोन चुली ज्यानं प्रेमानं चालवल्या, त्याला ती घरातच सुचली असणार असं मी म्हणतो.

आता नाशिकला परत येऊ. आपण शरणपुराचे लोक. पवित्र शास्त्रात, यहोशवाच्या पुस्तकात, शरणपुरांचा उल्लेख आहे. जीव वाचवायला पळत आलेल्या माणसाला जिथे आसरा मिळे ती नगरं. मिशनरी विल्यम प्राइस यांनी नाशिकची ही वसाहत वसवली आणि तिला तेच नाव पडलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली पोरं इथे आणली गेली, इथे शिकली, हातात कसब घेऊन मोठी झाली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 साली आफ्रिकेत डॉक्टर लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांच्या दफनाच्या वेळी शास्त्रवाचन करणारा हाच आपल्या नाशिकच्या शाळेचा विद्यार्थी. ज्यांना जगात घर नव्हतं त्यांच्यासाठी आपल्या गावाचं दार उघडलं होतं. नाव राहिलंय, रस्त्यावरच्या पाट्यांवर रोज वाचतो.

म्हणून एक विचारतो. तुमच्या ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, एक कप वेगळा ठेवलेला असतो. कान तुटलेला, नाहीतर स्टीलचा जुना पेला. भांड्याला येणाऱ्या मावशींचा. चहा त्यांना आपण देतो, चांगला देतो, आलं घालून देतो. पण कप वेगळा. ख्रिस्ती घरात! ज्यांच्या आजोबा-पणजोबांना एके काळी हॉटेलाबाहेर वेगळ्या पेल्यात चहा मिळायचा, त्यांच्या नातवंडांच्या फ्लॅटमध्ये तो पेला पुन्हा आलाय. परूशी यरुशलेमेहून यायची गरजच काय? कोणी म्हणेल, बुवा, स्वच्छतेसाठी. अहो, आपले सगळे कप त्याच मावशी धुतात ना! (थोडा वेळ शांतता)

आणि कप हा एकच नाही. मुलीचं स्थळ बघताना ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न आपण दबक्या आवाजात विचारतोच. सून दुसऱ्या धर्मातून आलेली असली की तिच्या माहेरच्या सणाला घरात तोंडं वाकडी होतात. तिनं संकष्टीचा उपास धरला तर लगेच पाळकसाहेबांना निरोप. तिची चूल मांडू द्या. टिळकांनी वाट पाहिली, तुम्हांला चार वर्षं वाट पाहवत नाही? उद्या ती बाप्तिस्मा घेईल की नाही हे मला माहीत नाही. घ्यावा म्हणून तिला चहा द्यायचा असेल, तर तो चहा नव्हे, आमिष झालं. यहूदाचे पाय धुतले तेव्हा तो सुधारेल असा हिशेब प्रभूनं केला नव्हता.

पुरुषांना एक. सातपूरला, अंबडला शिफ्ट करून येता, अंग मोडलेलं असतं, मान्य. पण घरात म्हातारी आई आहे, तिचे पाय सुजलेत, आणि ते कोमट पाण्यानं शेकायचं काम गेली पाच वर्षं बायकोच करतेय. आई तुमची. घमेलं उचला एक दिवस. बायको आधी दचकेल, तब्येत बरी आहे ना विचारेल. (हशा) आई नको नको म्हणेल, पेत्रासारखी. रागावू नका, जवळ बसा, बोला.

कथेचा शेवटचा भाग सांगतो. टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ अपुरंच राहिलं होतं, सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेलेल्या नव्हत्या, अक्षरओळख नवऱ्यानंच करून दिलेली, जोडाक्षरांशी जन्मभर झगडा. त्या बाईनं उतारवयात ते काम हाती घेतलं आणि पुढचे बहुतेक अध्याय ओव्यांत लिहून काढले. एके काळी ज्याच्या नावानं संसार मोडला म्हणून ती रडली होती, त्याचंच चरित्र! नवऱ्यानं अर्धवट टाकलेलं आणखी एक काम, तेही हिनंच निस्तरलं. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या, इथेच, आपल्या नाशकात.

आता उभे राहू या. प्रार्थनेनंतर आरती होईल, मग मागच्या हॉलमध्ये चहा आहे. तरुण संघाच्या मुलांनी आज बायकांना बसवून आपण वाढायचं ठरवलंय. कप कमी आहेत असं कळलं, तर पहिल्या पंगतीनं आपापले कप धुऊन पुढच्यांच्या हातात द्यावेत.