दर्पण आणि 'मी'
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे मराठीत म्हणतात. कांकण डोळ्यांना थेट दिसते. परंतु ज्या मुखावरून सारे गाव माणसाला ओळखते, ते मुख मात्र ज्याचे त्याला कधीच थेट दिसत नाही. त्यासाठी पाणी, घासून लख्ख केलेला धातू किंवा पारा लावलेली काच यांचे साहाय्य घ्यावे लागते. जी वस्तू सर्वांत आपली, तीच पाहण्यासाठी परक्या वस्तूची गरज पडावी, हे मोठे नवल आहे. 'मी कोण?' या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांना देशोदेशी आरसा आठवला, तो यामुळेच.

जैन परंपरेत तर दर्पणाला मंगलाचे स्थान आहे. श्वेतांबर व दिगंबर आम्नायांतील अष्टमंगलांच्या याद्या पूर्णपणे जुळत नाहीत. पण दर्पण दोन्हींत आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचाराच्या आरंभी भगवान वर्धमानांना वंदन करताना त्यांच्या ज्ञानाला दर्पणाची उपमा दिली. लोक आणि अलोक त्या ज्ञानात उमटतात. ज्ञान मात्र स्वच्छच राहते.

व्यवहारातला आरसा काय करतो, हे पाहायचे असेल तर कापडाच्या दुकानात डोकवावे. साडीचा पदर खांद्यावर टाकून एखादी भगिनी आरशासमोर उभी राहते, तेव्हा ती केवळ पोत, काठ आणि रंग पाहत नसते. या वस्त्रात चार लोकांना आपण कशा दिसू, हे ती पाहत असते. गडद रंगाची छटा चेहऱ्यावर पडली की चेहराच निराळा भासतो. वस्त्र बदलले की प्रतिबिंब बदलते आणि क्षणभर माणूसच बदलल्यासारखे वाटते. यात गैर काही नाही. मात्र हा भास दुकानाबाहेर जन्मभर सोबत चालू लागला, म्हणजे प्रश्न उभा राहतो.

छांदोग्य उपनिषदाच्या 8 व्या अध्यायात नेमका हाच प्रश्न आला आहे. देवांचा इंद्र आणि असुरांचा विरोचन आत्मज्ञानासाठी प्रजापतीकडे 32 वर्षे राहिले. प्रजापतीने त्यांना पाण्याने भरलेल्या पात्रात पाहावयास सांगितले. नंतर उत्तम वस्त्रे व अलंकार घालून पुन्हा पाहावयास सांगितले. दोघांनाही नटलेली प्रतिबिंबे दिसली. देह म्हणजेच आत्मा, असे समजून विरोचन संतुष्ट मनाने परतला. इंद्राच्या मनात मात्र वाटेतच शंका आली. देह नटला की हे प्रतिबिंब नटते, देह आंधळा झाला की हेही आंधळे, देह नष्ट झाला की हेही नष्ट. मग यात चिरंतन ते काय? तो माघारी आला. ज्ञान हाती येईपर्यंत त्याची एकूण 101 वर्षे गेली. दोघांचे पात्र एकच, पाणीही एकच. भेद पडला तो एका शंकेने.

रोमन कवी ओव्हिड याने सुमारे 2000 वर्षांपूर्वी 'मेटामॉर्फोसिस' या काव्यात नार्सिससची कथा सांगितली. हा तरुण झऱ्याच्या पाण्यात दिसणाऱ्या रूपावर मोहित होतो आणि तेथून उठूच शकत नाही. कथेतील मर्म असे की, हे आपलेच प्रतिबिंब आहे हे त्याला पुढे कळतेही; तरीही तो झुरून मरतो. म्हणजे ओळखणे निराळे आणि सुटणे निराळे. साधारण दीड ते दोन वर्षांचे मूल आरशातले मूल म्हणजे आपणच, हे ओळखू लागते. 1970 साली अमेरिकन शास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींच्या चेहऱ्यावर रंगाचा ठिपका लावून त्यांच्यासमोर आरसा ठेवला, तेव्हा त्यांनी आरशाला नव्हे, तर स्वतःच्या चेहऱ्यावरील ठिपक्याला हात लावला. तेव्हा एवढी ओळख ही केवळ मनुष्याची मिरास नव्हे. मनुष्याचे वैशिष्ट्य त्यापुढच्या पायरीवर सुरू होते.

ती पायरी चढलेला पुरुष म्हणजे भरत चक्रवर्ती. आदिपुराणात त्यांचे दोन प्रसंग आहेत, ते शेजारी ठेवून वाचावेत. षट्खंड जिंकल्यावर भरत वृषभाचलावर आपले नाव कोरण्यास गेले. ज्या भूमीवर आपल्यासारखा दुसरा झाला नाही असे वाटत होते, तेथे पूर्वीच्या चक्रवर्तींच्या नावांनी शिळा भरून गेली होती. एक नाव पुसावे, तेव्हा कोठे आपले लिहिता येईल, अशी स्थिती! ती शिळा हाच त्यांचा पहिला आरसा. त्यात त्यांना स्वतःचे नाव दिसले आणि ते पुसणारा उद्याचा हातही दिसला.

दुसरा आरसा खराखुरा. जिनसेनाचार्यांनी आरंभिलेल्या व त्यांचे शिष्य गुणभद्राचार्यांनी पूर्ण केलेल्या या पुराणानुसार, दर्पणात पांढरा केस दिसताच भरतांना वैराग्य झाले. बाराव्या शतकातील हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात हा प्रसंग रत्नमय आदर्शगृहात घडतो. बोटातील अंगठी गळून पडते आणि ते बोट निस्तेज दिसते. भरत मुकुट, कुंडले, हार असे एकेक आभूषण उतरवीत जातात. प्रत्येक अलंकारासरशी शोभा ओसरते, आणि शोभा देहाची नव्हती, उसनी होती, हे उमगत जाते. जे उतरवता येते ते 'मी' नव्हे. मग देहही एक दिवस उतरणारच. या चिंतनात तेथेच त्यांना केवलज्ञान झाले. विरोचनाने अलंकार घालून स्वतःला पाहिले, भरतांनी अलंकार उतरवून पाहिले. दोघांच्या वाटा येथेच फुटल्या.

आचार्य कुंदकुंदांनी समयसारात स्फटिकाचा दृष्टांत दिला आहे. लाल वस्तूच्या सान्निध्यात स्फटिक लाल दिसतो, पण स्वतः लाल होत नाही. त्यावरील टीकेत आचार्य अमृतचंद्र दर्पणातील अग्नी दाखवतात. ज्वाळा आणि उष्णता अग्नीची. दर्पणाची आहे ती केवळ स्वच्छता. क्रोध, मान, माया, लोभ यांची छटा आत्म्यावर पडते, आणि साडीची छटा आपल्या कांतीचीच मानावी, तसा जीव त्या छटेलाच 'मी' म्हणू लागतो. 'मी रागीट आहे', 'मी मोठा आहे', 'मी अपयशी आहे' ही सारी वाक्ये छटेविषयी आहेत, स्फटिकाविषयी नाहीत. यात अहंकाऱ्याला इशारा आहे, तसाच खचलेल्या माणसाला मोठा आधारही आहे.

श्रावकाच्या घरी असा आरसा परंपरेने ठेवलेलाच आहे. त्याचे नाव प्रतिक्रमण. दिवसाचे, पक्षाचे, वर्षाचे प्रतिक्रमण म्हणजे त्या त्या काळाचा चेहरा निरखणे. आरशात डाग दिसला तर शहाणा माणूस काच पुसत बसत नाही, चेहरा धुतो. लोकांनी केलेली टीकाही असाच आरसा असते. तो फोडल्याने डाग जात नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी नावे लिहिली जातात, छायाचित्रे छापली जातात. कृतज्ञतेपोटी ते योग्यच आहे, कारण ज्यांनी कष्ट केले त्यांची आठवण ठेवणे हा समाजाचा धर्म आहे. मात्र संगमरवरी फलकावर नाव वाचताना वृषभाचलाची शिळा आठवावी. दान देणाऱ्या हाताने आतला लोभ किती सुटला, याची नोंद कोणत्याही फलकावर होत नाही. ती ज्याची त्याने आतल्या दर्पणात पाहायची असते. त्या दर्पणात पाहण्याचे धैर्य आणि पाहिलेले स्वीकारण्याचे बळ सर्वांना लाभो, हीच मंगल भावना.

जय जिनेंद्र!