तुक्क्याचं गणित

लातूरच्या ट्यूशन एरियात परीक्षेच्या तोंडावर एक सल्ला हमखास कानावर पडतो: "येत नसेल तर सगळीकडं सी ठोक." आज या तुक्क्याचाच हिशेब मांडू.

नीटचा पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. चार पर्यायांत एक बरोबर. डोळे झाकून गोल रंगवला तर तो लागण्याची संभाव्यता एक चतुर्थांश. सी काय नि बी काय, सारखंच. असे २० प्रश्न ठोकले तर सरासरीनं ५ लागतील, १५ चुकतील. २० आले, १५ गेले, हाती ५. पण ही झाली सरासरी. प्रत्यक्षात तीनच लागले तर १२ मिळून १७ जातात. गाठीचेच ५ गेले म्हणायचे. याउलट, प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय खात्रीनं खोडता आले, तर त्याच वीसमध्ये सरासरीनं १० बरोबर आणि पदरात ३० गुण. त्याला मग मी तुक्का म्हणणार नाही.

पेपर हातात यायच्या आधीच हे कागदावर काढता येतं, म्हणून ही सैद्धांतिक संभाव्यता. दहावीला सूत्र आहेच: अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती. पोरं सूत्र घोकतात आणि त्याची अट विसरतात. सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य हव्यात.

नांदेडला एका वर्गात मी विचारलं, "उद्या पाऊस यायची संभाव्यता किती?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "निम्मी की सर! येईल, नाहीतर नाही." दिवस एप्रिलचे. पाऊस इतका इमानदार असता, तर २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली नसती.

नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या, तिथं निम्मं म्हणायला हरकत नाही. पण आजी पटावर टाकायची तो फोडून दगडावर घासलेला चिंचोका? एक बाजू पांढरी, सपाट. दुसरी तपकिरी, फुगीर. तो नेमका कसा पडेल, हे सूत्राला विचारून कळत नाही. घरात चिंचोके असतील तर एक फोडा, शंभरदा टाका आणि पांढरी बाजू किती वेळा वर आली ते मांडून ठेवा. मात्र दुसऱ्याच्या चिंचोक्याशी आकडा जुळेलच, असं धरू नका.